कालवांच्या खडपावर दिसलेली होडी

ती घटना आजही आठवते. त्या गुन्ह्यात कुणाला साधं खरचटलंही नव्हतं आणि वर्तमानपत्रात तो आतल्या पानावर चार ओळींत संपला होता. याहून मोठे गुन्हे मी हाताळले आणि विसरलोही. हे प्रकरण मात्र राहिलं, कारण माझी तपासाची ठरलेली पद्धत त्यात एका टप्प्यापर्यंत चालली आणि मग थांबली.

पद्धत साधी होती. खिशात मावेल अशी एक वही, प्रत्येक गुन्ह्याला एक पान, पानावर चार रकाने: 'दिसलं', 'ऐकलं', 'पाहायचं', 'विचारायचं'. केस डायरी कायद्यासाठी असते, ही वही माझ्या डोक्यासाठी होती. ठाण्यातले लोक माझ्यामागे म्हणत, "साहेब गुन्ह्याचा तपास करत नाहीत, बाजाराची यादी काढतात." माझी त्यावर तक्रार नव्हती. यादी असली की बाजारातून परत आल्यावर मीठ राहिलं असं होत नाही.

मी देशावरचा माणूस. निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षं माझी नेमणूक पूर्णगडच्या खाडीकाठी, एका लहान ठाण्यात प्रभारी म्हणून होती. ठाण्याचा रोजचा दिवस ठरलेला असे. सकाळी हजेरी, मग जेटीवरची फेरी, बोटींच्या खलाशांची ओळखपत्रं तपासणं, दुपारी अर्ज-चौकशी, संध्याकाळी पुन्हा जेटी. मासे ओळखायला मला दोन वर्षं लागली. कालवं ओळखायला लागली नाहीत, कारण ती मला आल्या आल्या कुणीतरी खायला घातली होती.

वाचकांपैकी अनेकांनी कालवं काढताना पाहिलेली नसतील, म्हणून थोडं सांगतो. कालव हा खडकाला चिकटून वाढणारा शिंपला. ओहोटी लागली की खाडीकाठच्या बायका खडपावर जातात, म्हणजे पाण्याखालून उघड्या पडणाऱ्या काळ्या खडकांच्या पट्ट्यावर. हातात लहान कोयती असते. तिच्या टोकाने वरची शिंप उडवायची, आतला मऊ गर काढून भांड्यात टाकायचा, आणि खालची शिंप दगडावर तशीच ठेवायची. ती कुणी काढत नाही. पुढच्या मोसमातलं पिल्लू तिच्यावरच येऊन बसतं.

अलीकडे हॉटेलांना कालवं शिंपीसकट, जिवंत हवी असतात. मागणी आली तशा होड्या आल्या. मग राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने नियम केला. विक्रीसाठी होडीने कालवं काढायची तर वेगळा परवाना लागेल, तो होडीच्या नोंदणी क्रमांकावरच मिळेल, आणि ज्यांनी पूर्वीपासून हाताने कालवं काढल्याची नोंद आहे त्यांनाच मिळेल. जेटीलगतच्या वाडीत असा परवाना एकाच होडीला होता. होडीची मालकीण चाळिशीच्या पुढची बाई. नवरा मुंबईला नोकरीला, घर आणि होडी दोन्ही हिच्या हातात. सासूबरोबर वीस वर्षं खडपावर गेली होती, तीच तिची नोंद. माहेरचे दोन खलाशी घेऊन ती ओहोटीला जायची, माणसं खडपावर उतरवायची, आणि भरतीबरोबर परत यायची.

शिमगा पंधरा दिवसांवर होता तेव्हाची गोष्ट. बुधवारी सकाळी हजेरी चालू असतानाच ठाण्याचा फोन वाजला. जेटीवर तीसेक बायकांनी एक होडी अडवली होती आणि इंजिन सुरू करायची दोरी काढून घेतली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा मालकीण होडीत उभी होती आणि बायका जेटीवर. दोन्हीकडून तोंडं चालू होती.

"खडप खाल्लंस गो! आता आमच्या पोटावर पण दाताळं फिरव!"

"मी फिरवलं? माझ्या डोळ्यात बगून बोल, मी फिरवलं?"

"तुझ्या डोळ्यात कशाला बगू? तुझा नंबर बगितला आमी!"

त्यांच्यातल्या एकीने मोबाइल पुढे केला. पलीकडच्या काठावरून कुणीतरी आदल्या दिवशी चित्रण करून पाठवलं होतं. पाठवणाऱ्याने मला नंतर फोन केला. नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. चित्रणात एक होडी खडपावरून इंजिनच्या जोरावर काहीतरी ओढत होती. माणसांची तोंडं रुमालाने झाकलेली. होडीच्या कडेवरचा क्रमांक मात्र स्वच्छ वाचता येत होता. तो मालकिणीच्या होडीचा होता.

मी दोरी परत करायला लावली, बायकांपैकी दोघींना आणि मालकिणीला ठाण्यावर बोलावलं आणि खात्याच्या निरीक्षकाला फोन केला. दुपारच्या ओहोटीला तो आणि मी खडपावर गेलो. वाट दाखवायला एक म्हातारी आली होती. तिने एक दगड दोन्ही हातांनी उलटा केला आणि मला दाखवला.

"ह्या अंगाला कालवं व्हती सायब. आता ती चिखलात तोंड खुपसून हायत. मेली सगळी."

असे दगड लांबवर पसरले होते. कुठे खडकाचे कपचे निघाले होते, कुठे चिखलात दातांच्या समांतर रेघा होत्या. दाताळं म्हणजे लोखंडी चौकट, तिला खाली दात आणि मागे जाळं. होडी ती ओढत नेते आणि दगडासकट सगळं ओरबाडून निघतं. निरीक्षकाने मोजमाप घेतलं, छायाचित्रं काढली आणि मला म्हणाला, "परवान्याची पहिलीच अट आहे, फक्त हाताने. सोमवारी रत्नागिरीला सुनावणी लावतो. परवाना जाईल."

"होडी तिचीच कशावरून?"

"क्रमांक तिचा आहे."

मी वहीत 'दिसलं' खाली लिहिलं: क्रमांक. पुढे कंसात: होडी नव्हे.

संध्याकाळी महिला शिपायाला शेजारी बसवून मी मालकिणीचा जबाब घेतला. ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाणीही मागितलं नाही, स्वतःची बाटली आणली होती.

"सायब, नंबर माझा हाय. होडी माझी नाय."

"मंगळवारी सकाळी तुमची होडी कुठे होती?"

"खुंटाला. खलाशी हळदीला गेलेले, त्यांच्या चुलतभावाच्या. मी एकटी होडी हाकून दाताळं ओढू काय?"

"खुंटाला होती हे कुणी पाहिलं?"

"सगळ्यांनी. आणि आता कुणीच नाय."

समुद्रात जाणाऱ्या बोटींची जेटीवर नोंद होते. खाडीतल्या खाडीत फिरणाऱ्या होडीची होत नाही. म्हणजे तिच्या बाजूने कागद नव्हता. जाताना ती दारात थांबली.

"परवाना गेला तर मी परत खडपावर जाईन, कोयती घेऊन. त्याचं काय नाय. पण त्या बायका मला तिथं उभं करतील काय?"

तिचा सगळा प्रश्न एवढाच होता. तिची तक्रार मी नोंदवून घेतली: अज्ञात इसमाने होडीचा क्रमांक वापरून फसवणूक केली.

दुसऱ्या दिवशी मी तिची होडी पाहिली. तिथे क्रमांक नारळी पौर्णिमेला रंगवतात. मधल्या महिन्यांत खारं पाणी आणि जेटीची घासण यांनी तो अर्धा खाल्लेला असतो. तिच्या होडीवरच्या शेवटच्या आकड्याचं शेपूट गेलेलं होतं. चित्रणातला आकडा शेपटासकट पूर्ण आणि ठसठशीत होता. मला आणखी एक गोष्ट खटकली. चोर तोंड झाकतो तसा क्रमांकही झाकतो. याने तोंड झाकलं होतं आणि क्रमांक मुद्दाम दाखवला होता. म्हणजे त्याला तो क्रमांक दिसायला हवा होता.

निरीक्षकाला हे सांगितलं. तो चांगला माणूस होता, पण त्याचंही बरोबर होतं. "तिने फळीवर नवा रंगवून लावला नसेल कशावरून? खरी होडी दाखवा, मी तसा अहवाल देतो."

तिची सोडून त्या आकाराच्या, इंजिन असलेल्या सात होड्या त्या खाडीत होत्या. शुक्रवारी सातही मालकांना एकेक करून बोलावलं. चौकशीचा माझा नियम असा की सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. उत्तरं सारखी आली तर फरक माणसात शोधता येतो. सातही जणांची उत्तरं सारखी आली: मंगळवारी घरी होतो, दाताळं नाही, कुणाचं माहीत नाही.

त्यांतला तिसरा मालकिणीचा धाकटा दीर होता. पस्तिशीचा, काही वर्षं मुंबईला काढून परत आलेला, वेगळा राहणारा. त्यानेही परवान्यासाठी अर्ज केला होता आणि तो फेटाळला गेला होता, कारण त्याच्या नावावर खडपावरची नोंद नव्हती. चहा आणणाऱ्या शिपायाच्या हातातून ट्रे घेऊन सगळ्यांना त्यानेच चहा दिला.

"दाताळं आहे का तुझ्याकडे?"

"दाताळं घेऊन मी काय करू सायब, परसात वाफे काढू?"

"वहिनीवर कुणाचा राग आहे?"

"तिच्या तोंडावर सगळ्यांचाच हाय. पण नंबर चोरण्याइतका कुणाचा नाय."

हे उत्तर हुशार होतं. त्याने जाईपर्यंत तीनदा विचारलं, "सोमवारी काय होईल?" बाकी सहा जणांपैकी एकानेही सोमवारचं नाव काढलं नव्हतं. मी 'ऐकलं' खाली तेही लिहिलं, पण घरच्या माणसाची काळजी म्हणून. तिथे माझी चूक झाली. नातेवाइकाची काळजी ही नेहमी वेगळ्या रकान्यात लिहायला हवी.

शनिवारी सकाळी वहीचं पान भरलेलं होतं आणि हातात काही नव्हतं. होड्यांची झडती घेतली होती, दाताळं मिळालं नव्हतं. जीपमध्ये आमचे हवालदार शेजारी बसले होते. ते त्याच तालुक्यातले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय.

"साहेब, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"तुम्ही सगळ्यांना विचारलंत की दाताळं कुणाकडे आहे. खाडीत नवं लोखंड उतरवायचं तर आधी राखण द्यावी लागते, हे कुणी विचारलं नाही."

"म्हणजे?"

"नवी होडी, नवं जाळं, नवा नांगर, काहीही असो. खाडीच्या राखणदाराला नारळ द्यायचा, गुरवाकडून गाऱ्हाणं घालायचं. त्याशिवाय इथला माणूस पाण्यात खिळा टाकणार नाही."

"चोरीच्या कामालासुद्धा?"

हवालदारांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "साहेब, चोरीच्या कामाला तर आधी."

गाऱ्हाणं मी देवळात ऐकलं होतं. ज्याचं काम आहे तो आपली गोष्ट गुरवाला सांगतो, गुरव ती देवापुढे मोठ्याने मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक 'व्हय महाराजा' म्हणून होकार देतात. हवालदारांनी त्यात एक गोष्ट जोडली. गाऱ्हाण्यात नाव आणि काम खरं सांगावं लागतं. खोटं सांगितलं तर राखण कुणाला लागू होणार? देवाला पत्ता चुकीचा दिल्यासारखं होईल.

गुरव देवळाच्या अंगणात शिमग्याचा ढोल आवळत बसला होता. हवालदारांना पाहून हात न थांबवता म्हणाला, "काय वो, आज सायबांना घेऊन आलाव? नवस हाय की वारंट?"

"विचारपूस आहे," मी म्हणालो.

"मंग बसा. वारंटाला उभं राहावं लागतं."

मी बसलो आणि सरळ विचारलं, "या महिन्यात नवं लोखंड उतरवायला कुणी राखण दिली?"

"दिलान एकानं."

"कोणी?"

"ते मी कशाला सांगू? माणूस देवापुढं बोलला. तुमच्या ठाण्यात नाय बोलला."

अशा वेळी मी गप्प बसतो. हवालदार मात्र बसले नाहीत. "बाबा, गाऱ्हाणं काय कानात घालता? मोठ्यानं घालता. चार माणसांत बोललेलं ते गुपित कसलं?"

"चार कुठली? तो, त्याचे दोन खलाशी, आणि मी." गुरवाने ढोल बाजूला ठेवला. "आणि शब्द माझ्या तोंडचा. तोच घोळ झालाय. बुधवारपास्नं माझ्या घशाखाली घास उतरत नाय."

मग तो उठला, खाडीच्या दिशेने तोंड केलं, हात जोडले, आणि त्याचा आवाज बदलला.

"बा राखणदारा! आज हे तुझं लेकरू कालवांच्या खडपावर नवं लोखंड उतरवतंय. आपल्या थोरल्या वयनीच्या नंबरानं उतरवतंय. तिच्या घराला, होडीला, कागदाला काय वाकडं येऊ देऊ नको. काय बाधा असंल ती ह्याच्या अंगावर घाल, तिच्या अंगावर घालू नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा," हवालदारांच्या तोंडून गेलं. मग त्यांनी टोपी नीट केली आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

गुरव खाली बसला. "आता बगा. मी शब्द घातला, तिच्या कागदाला काय वाकडं येऊ देऊ नको. आणि सोमवारी तिचा कागद जातोय. मंग गाऱ्हाणं खोटं कुणाचं पडलं? माझं."

"मग तुम्हीच ठाण्यावर का आला नाहीत?"

"मी आलो असतो तर ती चुगली. तुमी येऊन विचारलंत, ते वेगळं. चार दिवस लावलेत तुमी."

मी गुरवाचा छोटा जबाब घेतला: अमुक दिवशी अमुक इसमाने नारळ दिला, दोघे हजर होते. त्यापलीकडे त्याचा कायदेशीर उपयोग मर्यादित होता. देवापुढे मागितलेलं संरक्षण हा काही चोरीचा पुरावा होत नाही. पण सात माणसांतून एक माणूस निघाला होता, आणि त्याला काय बोचत असेल हेही कळलं होतं.

दुपारी दिराला पुन्हा बोलावलं. तो येताना शिपायाशी विनोद करत आला. मी त्याला बसवलं, वही मिटून खणात ठेवली. या वेळी मी एकही प्रश्न विचारला नाही.

"'तिच्या कागदाला काय वाकडं येऊ देऊ नको,'" मी म्हणालो. "परवा कागद जातोय. आता बाधा कुणाच्या अंगावर घालायची?"

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "गुरवबाबांनी सांगितलान?"

"आपलं गाऱ्हाणं खोटं पडू नये म्हणून सांगितलं."

"त्यांचं बरोबर हाय," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका व्यापाऱ्याला शिंपीसकट माल हवा होता, लवकर हवा होता. हाताने तेवढा निघाला नसता. दाताळं बाहेरून बनवून आणलं. क्रमांक फळीवर रंगवला आणि ती स्वतःच्या क्रमांकावर अडकवली.

"वहिनीचाच क्रमांक का?"

"परवाना त्याच नंबराला हाय ना सायब. म्हटलं, तो नंबर दिसला तर कोण विचारणार नाय. घरातलाच परवाना. ह्याच्यात तिचं काय जातंय?"

"परवान्याची मागची बाजू वाचलीस?"

"कसली मागची बाजू?"

मी त्याला निरीक्षकाने दिलेली प्रत उलटी करून दाखवली. मागे बारीक अक्षरांत अटी होत्या. पहिली: फक्त हाताने, ओढीचं कोणतंही साधन चालणार नाही, उल्लंघन झाल्यास परवाना रद्द. त्याने ती ओठ हलवत वाचली. ज्या क्रमांकाला तो ढाल समजला होता, तोच त्याने खडपावर मिरवून वहिनीचा परवाना घालवला होता.

"मला वाटलं दंड होईल. दंड मी भरला असता," तो म्हणाला. "रद्द होतो हे बुधवारी कळलं. मंग तोंडच उघडंना."

पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. पण आरोपीने सांगितलेल्या जागी वस्तू निघाली, तर तेवढा भाग चालतो. म्हणून दोन पंच बोलावून त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि रविवारी सकाळच्या ओहोटीला आम्ही निघालो. कांदळवनात, आतल्या एका खुंटाशी, चिखलात पुरलेलं दाताळं त्याने दाखवलं. दातांत अजून शिंपा अडकलेल्या होत्या. क्रमांकाची फळी त्याच्या शेजारीच पोत्यात गुंडाळलेली मिळाली. शेवटच्या आकड्याचं शेपूट पूर्ण होतं. दोन्ही वस्तू पंचनाम्याखाली ताब्यात घेतल्या, होडी जप्त केली. त्याच्या दोन्ही खलाशांनी जबाब दिले.

दुपारी फळी ओळखायला मालकिणीला ठाण्यावर बोलावलं. दीर बाकावर बसला होता. तिला कुणी अजून काही सांगितलं नव्हतं. तिने फळी पाहिली, मग बाकाकडे पाहिलं, आणि सही करायला घेतलेलं पेन टेबलावर ठेवून दिलं.

"तू?"

"वयनी, मी राखण दिलेली. देवाला सांगितलेलं, तुला काय होऊ देऊ नको म्हणून. गुरवबाबांना विचार."

"देवाला सांगितलास," ती म्हणाली. तिचा आवाज जेटीवर होता त्याच्या निम्माही नव्हता. "लग्न होऊन आले तवा हा चौथीत होता सायब. ह्याचा डबा मी भरून दिलाय." मग त्याच्याकडे वळून, "परवाना देवाच्या नावावर हाय काय रे? माझ्या नावावर हाय. मला सांगायचा होतास."

"तू नाय म्हटली असतीस."

"म्हटली असती. म्हणून तर सांगायचा होतास."

तक्रार मागे घेता येईल का, असं बाकावरून त्याने विचारलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. तिने पेन उचललं, सही केली, पाण्याची स्वतःची बाटली उचलली आणि गेली.

माझा अहवाल पंचनाम्याच्या प्रतीसह हवालदारांनी सोमवारी सुनावणीच्या आधी कार्यालयात पोहोचवला. परवाना कायम राहिला. दिरावर आमच्याकडे फसवणुकीचा गुन्हा आणि खात्याकडे मासेमारी नियमनाखाली वेगळी कारवाई झाली. प्रकरण न्यायालयात गेलं, म्हणून त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. जेटीवर दोरी काढून घेणाऱ्या बायका मालकिणीची माफी मागायला गेल्या नाहीत. मात्र पुढच्या ओहोटीला खडपावर तिच्यासाठी जागा ठेवली होती, असं म्हातारीने मला सांगितलं. दोन ओहोट्या सगळ्यांनी मिळून उलटे पडलेले दगड सुलटे केले. त्यावर कालवं धरायला वर्षं लागतील, असं निरीक्षक म्हणाला.

त्याला मी एक सूचना केली. नियम वाडीपर्यंत पोहोचला होता तो फक्त क्रमांक म्हणून. मागच्या बाजूच्या अटी पोहोचल्याच नव्हत्या, त्या मोठ्याने वाचून दाखवा. त्याने देवळाच्या अंगणात सभा घेऊन त्या वाचल्या. शेवटची अट संपल्यावर मागून कुणीतरी 'व्हय महाराजा' म्हणालं आणि सगळी सभा हसली. हवालदारही हसले, पण टोपी सावरून.

या प्रकरणानंतर माझ्या वहीत पाचवा रकाना आला: 'खरं कुणाला सांगितलं असेल?' माणूस सगळ्यांशी खोटं बोलत नाही. कुठेतरी एका ठिकाणी तो खरं बोलून मोकळा होतो, कारण सगळं पोटात ठेवून त्याला जेवता येत नाही. ती जागा ठाणं नसते. तपास करणाऱ्याने ती शोधायची, आणि तिथे गेल्यावर बसून घ्यायचं. पुढच्या गुन्ह्यांत मला तो रकाना अनेकदा उपयोगी पडला. आणखी एक धडा असा की, ज्याच्या नावाने आपण काही करतो, त्याला सोडून इतर कुणालाही सांगितलं तरी ते सांगणं होत नाही. हा धडा पोलिसी नाही, पण मी तो त्याच पानावर लिहिला आहे.

पुढच्या वर्षी परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली. कालवांच्या होडीवर काम करणाऱ्या खलाशांची यादी पडताळणीसाठी ठाण्याकडे येते. मालकिणीच्या यादीत तीन नावं होती. दोन जुनी, माहेरची. तिसरं दिराचं. त्याची होडी अजून जप्तीतच होती.

मी तिला बोलावून घेतलं. "हे नाव चुकून आलं का?"

"नाय सायब."

"याच्यावर तुमचाच गुन्हा आहे. तुम्हीच फिर्यादी."

"तो गुन्हा चालू दे. मी साक्षीला येईन, जे झालं तेच सांगेन." तिने पदर खोचला. "त्याला माझ्या नंबराची एवढी हौस होती ना? मंग आता त्याच नंबराखाली बसून वल्हवू दे. माझ्या डोळ्यासमोर. आणि हातानं काढू दे एकेक कालव."

मी यादीवर शेरा लिहिला: गुन्हा न्यायप्रविष्ट, होडीमालकाची हरकत नाही. शिक्का मारला आणि यादी पुढे पाठवली.